डोळे दान करणार का, हे मेडिकलच्या पोरांना विचारूच नका

मेडिकल कॉलेजांमध्ये एक सर्व्हे अधूनमधून होतच असतो. देश कुठलाही घ्या, प्रश्नावली साधारण सारखीच. नेत्रदानाबद्दल ऐकलंय का? हो. कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, हे माहितीये का? हो. मृत्यूनंतर किती तासांत डोळे काढायला हवेत? इथे उत्तरं फाटायला लागतात. कोणाचे डोळे चालत नाहीत? इथे पार गोंधळ. आणि मग शेवटी तो ठरलेला प्रश्न, तुम्ही स्वतः डोळे दान कराल का? बहुतेक जण हो म्हणतात, फॉर्म मात्र फार थोड्यांनी भरलेला असतो, आणि निष्कर्षात दरवेळी तेच, की विद्यार्थ्यांमध्ये जागरूकता आहे पण नेमकी माहिती कमी पडते, अभ्यासक्रमात यावर भर द्यायला हवा. पेपर छापून येतो, सगळ्यांच्या बायोडेटात एक ओळ वाढते, पुढच्या वर्षी दुसरं कॉलेज तोच सर्व्हे करतं.

माझं म्हणणं असं की तो शेवटचा प्रश्नच चुकीचा आहे, निदान मेडिकलच्या विद्यार्थ्याला विचारायला तरी. वीस-बावीस वर्षांचा धडधाकट मुलगा हो म्हणाला काय आणि नाही म्हणाला काय, त्याचे डोळे कोणाच्या उपयोगी पडलेच तर पन्नास-साठ वर्षांनी पडणार, आणि तेव्हाही त्याने आज भरलेला फॉर्म कुठल्या फायलीत आहे हे कोणी शोधत बसणार नाही, घरच्यांनाच विचारलं जाईल. पण हाच मुलगा तीन-चार वर्षांत इंटर्न म्हणून रात्रीच्या ड्युटीवर उभा असणार, ईसीजीची सरळ रेघ बघून केसपेपरवर वेळ लिहिणार, बाहेर जाऊन नातेवाईकांना सांगणार आणि मग कागद भरत बसणार. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांतून मिळतील दोन कॉर्निया. त्याच्या आख्ख्या करियरमध्ये त्याच्यासमोर जे मृत्यू होतील त्यांचा हिशोब केला तर शेकड्यांनी. मग आपण त्याची मनोवृत्ती मोजताना दोनवर का अडकून बसलोय?

आकडे थोडे बघू, कारण त्याशिवाय हे सगळं हवेतलं वाटतं. २०१६ साली एक मोठा जागतिक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात २०१२ सालचे आकडे आहेत. त्या एका वर्षात ११६ देशांत मिळून साधारण १ लाख ८५ हजार कॉर्निया बसवले गेले आणि वाट बघणारे होते अंदाजे १ कोटी २७ लाख. म्हणजे सत्तर जणांना गरज आणि हातात एक. जगातल्या ५३ टक्के लोकसंख्येला तर ही सर्जरी मिळण्याची सोयच नाही, तो वेगळाच विषय. आता दुसरी बाजू अशी की जगात दरवर्षी पाच कोटींहून जास्त माणसं मरतात. त्यातले सगळे डोळे वापरण्याजोगे नसतात, सगळीकडे आय बँक (दान केलेले डोळे गोळा करून, तपासून, जपून ठेवणारी संस्था) नसते, बरेच नातेवाईक नाही म्हणतात, हे सगळं मान्य केलं तरी दरी एवढी मोठी आहे की फक्त नकारामुळे ती पडली असेल हे मला पटत नाही. मला वाटतं बहुतेक ठिकाणी नकाराची वेळच येत नाही, कारण कोणी विचारलेलंच नसतं. बॉडी घरी जाते, दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतं अरे त्यांची इच्छा होती रे, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

बरं, ज्ञानाचं काय? इथे मला खरंच गंमत वाटते. फायनलचा विद्यार्थी कॉर्नियाचे थर धडाधड म्हणून दाखवतो. एंडोथेलियम म्हणजे सगळ्यात आतला थर, त्याच्या पेशी माणसात परत तयार होत नाहीत हे सांगतो, त्याच पेशी सतत पाणी बाहेर ढकलत राहतात म्हणून कॉर्निया स्वच्छ राहतो हेही सांगतो, हुशार असला तर पूर्ण जाडीचा कॉर्निया बदलणं आणि डीएमईके, म्हणजे फक्त तो आतला थर बदलणं, यातला फरकही सांगतो. त्यालाच विचारा की बेड नंबर बाराचे आजोबा आत्ता गेलेत, मुलगा म्हणतोय बाबांची नेत्रदानाची इच्छा होती, तू सगळ्यात आधी काय करशील? शांतता. पापण्या नीट बंद करायच्या, त्यावर ओला कापूस किंवा बर्फाची पिशवी ठेवायची, डोक्याखाली उशी देऊन डोकं जरा उंच करायचं, वरचा पंखा बंद करायचा म्हणजे कॉर्निया सुकत नाही, आणि आय बँकेला फोन लावायचा. एवढंच. यातल्या एकाही कामाला डॉक्टर असावं लागत नाही आणि बहुतेक म्हणूनच हे कोणी शिकवत नाही.

तासांचं पण तसंच. सहा, बारा की चोवीस यावर पोरं वाद घालतात कारण पुस्तकागणिक आकडा बदलतो. साधारणपणे सहा तासांच्या आत काढलेला चांगला असं धरतात, बॉडी थंड ठेवलेली असेल तर काही बँका त्यानंतरही घेतात, आणि प्रत्येक बँकेचे नियम थोडे वेगळे असतात. एमसीक्यूला हा प्रश्न बरा आहे. ड्युटीवरच्या माणसाला त्याचा उपयोग शून्य, कारण त्याला अजून किती वेळ शिल्लक आहे हे मोजत बसायचंच नाहीये, फोन आत्ता करायचाय. एकदा काढलेला कॉर्निया मग बराच टिकवता येतो. १९७४ साली मॅकॅरी आणि कॉफमन यांचं मिडियम, म्हणजे कॉर्निया साठवायचं द्रावण, आलं तेव्हा चार अंश सेल्सियसला चारेक दिवस, नंतरच्या मिडियममध्ये दोन आठवड्यांपर्यंत, आणि ऑर्गन कल्चर पद्धतीत, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या आसपास पोषक द्रावणात ठेवून, तर महिनाभरसुद्धा. म्हणजे घाई आहे ती सुरुवातीच्या काही तासांतच, आणि ते तास नेमके आय बँकेच्या हातात नसतात, वॉर्डच्या हातात असतात.

सगळ्यात मोठा घोळ मात्र वेगळाच आहे आणि तो मी सिनियर डॉक्टरांमध्येसुद्धा बघितलाय. किडनी, लिव्हर, हार्ट यांच्या दानाचे नियम पोरं तशीच्या तशी डोळ्यांना लावतात. पेशंट ब्रेन डेड असायला हवा ना सर? व्हेंटिलेटरवर हवा ना? ब्लड ग्रुप मॅच करावा लागेल ना? नाही, नाही आणि नाही. कॉर्निया हृदय थांबल्यावर काढतात, माणूस घरी वारला तरी चालतं, आणि ब्लड ग्रुप जुळवायची सहसा गरज नसते. याचं कारण पोरांना अगदी नीट माहीत असतं, फक्त त्यांनी दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या नसतात. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे शरीराची परकं ओळखायची यंत्रणा तिथे सहज पोचत नाही, आणि म्हणूनच कॉर्नियाचं यशस्वी रोपण किडनीच्या जवळपास पन्नास वर्षं आधी होऊ शकलं. ७ डिसेंबर १९०५ ला आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स या गावात एडुआर्ड झिर्म या डॉक्टरने चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला कॉर्निया बसवला आणि एका डोळ्यात तो टिकला. किडनी यशस्वी व्हायला १९५४ उजाडलं आणि तीही जुळ्या भावांमध्ये. झिर्मच्या वेळी रिजेक्शन रोखणारी आजची औषधं नव्हती, काही नव्हतं. बाय द वे, तो कॉर्निया मेलेल्या माणसाचा नव्हताच, डोळ्यात लोखंडाचा कण घुसल्यामुळे डोळा काढावा लागलेल्या अकरा वर्षांच्या मुलाचा होता. मृत व्यक्तीचा कॉर्निया वापरायची पद्धत रुळवली ती युक्रेनमधल्या ओदेसा शहराच्या फिलातोव्ह या डॉक्टरने, १९३० च्या दशकात, आणि पहिली आय बँक १९४४ ला न्यूयॉर्कमध्ये निघाली. हा इतिहास फार्माकोलॉजी किंवा इम्युनॉलॉजी शिकवताना पाच मिनिटांत सांगून होतो आणि तो ऐकलेला मुलगा ब्रेन डेडचा प्रश्न परत विचारत नाही.

यापेक्षा जास्त नुकसान करणारं अज्ञान म्हणजे डॉक्टरने परस्पर ठरवून टाकणं की हे डोळे चालणार नाहीत. डायबेटिस होता, नको. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नको. जाड चष्मा होता, वय ऐंशीच्या घरात होतं, कॅन्सर होता, नको नको नको. अहो यातलं बहुतेक सगळं चालतं. डायबेटिस, ब्लड प्रेशर, चष्मा यांचा प्रश्नच येत नाही. मोतीबिंदू भिंगाचा असतो, कॉर्निया त्याच्या पुढे. लेसिक (चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन) झालेला कॉर्निया अख्खा वापरता येत नसला तरी त्याचा आतला थर एंडोथेलियल सर्जरीला चालू शकतो. बऱ्याचशा कॅन्सरमध्येही कॉर्निया घेता येतो, रक्ताचे कॅन्सर आणि डोळ्यातलेच काही ट्यूमर सोडून. आणि जो रोपणाला चालला नाही तो रिसर्चला, नव्या सर्जनच्या ट्रेनिंगला लागतो. चालत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या आहेत, रेबीज, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सेप्टिसिमिया (रक्तात पसरलेलं इन्फेक्शन), क्रॉइट्झफेल्ड-याकोब (मेंदूचा एक दुर्मिळ जीवघेणा आजार), कारण न कळलेला मृत्यू. यामागेही कहाण्या आहेत, १९७४ साली कॉर्नियातून क्रॉइट्झफेल्ड-याकोब गेल्याची केस नोंदवली गेली, त्याच दशकाच्या शेवटी रेबीज गेल्याची. एचआयव्ही, हिपॅटायटिस तपासायला डोळ्यांबरोबर रक्ताचं सँपलही घेतात. विद्यार्थ्याला ही यादी पाठ नसली तरी चालेल असं माझं मत आहे, त्याला एवढंच पक्कं माहीत हवं की चालतं की नाही हे ठरवायला आय बँकेत माणसं बसलेली आहेत आणि ते काम आपलं नाही.

आता ॲटिट्यूड. इथे मी जरा हळू जाणार आहे कारण इथे लोक पटकन उपदेशाच्या मोडमध्ये जातात. डोळ्यांबद्दल माणसाला काहीतरी वेगळं वाटतं ही वस्तुस्थिती आहे. ब्रिटनमध्ये अवयवदानाच्या रजिस्टरमध्ये नाव नोंदवताना काय काय द्यायचं ते निवडता येतं, आणि तिथे सगळ्यात जास्त वगळला जाणारा भाग म्हणजे कॉर्निया. हार्ट द्यायला तयार, किडनी द्यायला तयार, डोळे नको. याला अडाणीपणा म्हणता येणार नाही, चेहरा म्हणजे माणूस असं आपल्याला आतून वाटत असतं आणि डोळे त्या चेहऱ्याच्या मधोमध. मेडिकलला ॲडमिशन मिळाली म्हणून ही भावना जात नाही. डिसेक्शन हॉलमध्ये हात-पाय बिनधास्त सोडवणारी पोरं चेहऱ्यावर आली की जरा गप्प होतात, हे शिकवणाऱ्या कोणालाही विचारा.

त्यात भर म्हणजे डोळे काढल्यावर चेहरा कसा दिसेल याची भीती, आणि ही मात्र निव्वळ न बघितल्यामुळे असते. घड्याळाची वरची काच बदलतात तसा हा प्रकार आहे. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पारदर्शक तुकडा आणि भोवतीची पांढऱ्या भागाची बारीक कड एवढंच आता बऱ्याच ठिकाणी काढतात. पूर्ण डोळा काढला तरी खोबणीत भरण घालून पापण्या मिटवतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं, रक्त सांडत नाही, नंतर शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही फरक कळत नाही. मी डोळ्यांच्या डिपार्टमेंटमध्ये शिकवतो आणि माझा अनुभव असा की नेत्रदानावरच्या एक तासाच्या लेक्चरने पोरांवर जेवढा परिणाम होतो त्याच्या कितीतरी पट परिणाम एक रिट्रीव्हल, म्हणजे डोळे काढण्याची प्रक्रिया, प्रत्यक्ष बघून होतो. एका मुलीने बघून झाल्यावर विचारलं होतं, सर झालं? एवढंच? ती पुढे मेडिसिनला गेली, पण आय बँकेला फोन करताना तिला आता घशात आवंढा येत नसेल एवढं नक्की. डिलिव्हरी बघितल्याशिवाय, पोस्टमॉर्टेम बघितल्याशिवाय आपण कोणाला पास करत नाही. मग एक रिट्रीव्हल बघणं कम्पल्सरी करायला काय हरकत आहे मला खरंच कळत नाही.

पण कम्पल्सरी बघणं वेगळं आणि कम्पल्सरी देणं वेगळं. दरवर्षी शिबिरं होतात, अख्ख्या बॅचला रांगेत उभं करून फॉर्म भरून घेतात, बॅनरसमोर फोटो निघतो, आकडा वर कळवला जातो. ज्याला द्यायचं नाहीये तोही भरतो, कारण एचओडी (विभागप्रमुख) समोर उभे असतात. हे मला चूक वाटतं. एखाद्या विद्यार्थ्याला श्रद्धेमुळे किंवा नुसतंच आतून नको वाटतं म्हणून द्यायचं नसेल तर तो त्याचा हक्क आहे, त्याने त्याचं कारण कोणाला सांगायचीही गरज नाही. स्वतः दान न करणारा डॉक्टर दुसऱ्याला विचारायला नालायक ठरत नाही. त्याला नियम माहीत असले आणि पेशंटच्या घरच्यांपुढे तो पर्याय त्याने प्रामाणिकपणे ठेवला की झालं. उलट दबावाखाली सही केलेला मुलगा उद्या नातेवाईकांवरही तसाच दबाव टाकेल किंवा मग या विषयाचाच कंटाळा धरेल, आणि दोन्ही वाईट.

संमतीच्या बाबतीत शॉर्टकट मारले की काय होतं याचं उदाहरण अमेरिकेत आहे. ओहायो राज्यात कायदा असा होता की पोस्टमॉर्टेमच्या केसमध्ये विरोध असल्याचं माहीत नसेल तर कॉर्निया काढता येतो. एका बाईने नवऱ्याच्या मृत्यूनंतर हॉस्पिटलला स्पष्ट नकार दिलेला होता, तो नकार लिहूनही ठेवलेला होता, पण पोस्टमॉर्टेमच्या ठिकाणी ते कागद कोणी बघितलेच नाहीत आणि कॉर्निया काढले गेले. बाईंना ते नंतर रिपोर्ट वाचून कळलं. १९९१ मध्ये फेडरल अपील कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. दोन कॉर्निया मिळाले असतील, पण अशा एका बातमीने किती घरं नाही म्हणायला शिकली असतील. ज्या देशांत संमती गृहीत धरायचा कायदा आहे तिथेही घरच्यांशी बोलतातच, आणि ते बोलणं कोणातरी माणसालाच करावं लागतं.

आता यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. ज्या डॉक्टरने आत्ताच सांगितलं की तुमचे वडील गेले, त्यानेच पाच मिनिटांनी डोळे मागायचे? घरच्यांना वाटेल यांचा डोळ्यांवरच डोळा होता. म्हणून अवयवदानात नियमच आहे की उपचार करणारी टीम वेगळी आणि मागणारी वेगळी, मृत्यूची बातमी वेगळी आणि विनंती वेगळी. कॉर्नियात उपचार थांबवण्याचा वगैरे प्रश्न नसतो, हृदय थांबलेलंच असतं, त्यामुळे हितसंबंधाचा संशय कमी, पण दुःखावर मीठ चोळल्यासारखं होण्याची शक्यता तेवढीच. माझं उत्तर असं की इंटर्नने मागायचंच नाही. मागायला ट्रेनिंग घेतलेले काउन्सेलर असतात, त्यांनी बोलावं, जिथे ते नसतील तिथे सिनियरने बोलावं. इंटर्नने करायच्या गोष्टी दोनच, आय बँकेला वेळेत कळवणं आणि घरच्यांपुढे दार नुसतं किलकिलं करणं.

दार किलकिलं करण्यातही शिकण्यासारखं असतं हो. मी ऐकलेलं एक वाक्य, "काका, तुम्हाला ते नेत्रदान वगैरे करायचं नाहीये ना?" प्रश्नातच नाही दिलंय, वरून वगैरे. काकांनी नाही म्हटलं, दोघंही सुटले, आणि मग वॉर्डात चर्चा की लोकांमध्ये अवेअरनेस नाही. याच ठिकाणी असं म्हणता येतं, "काका, आजोबांचे डोळे दान करायची घरात कोणाची इच्छा असेल तर ते आत्ता करता येईल. त्यातली माहिती देणारी व्यक्ती आहे, मी त्यांना बोलावू का? नको असेल तर तेही ठीक आहे." तीन-चार वाक्यं. पण रात्री तीन वाजता, समोर रडणारी माणसं असताना ही वाक्यं आपोआप तोंडात येत नाहीत, ती आधी कुठेतरी बोलून बघावी लागतात. प्रॅक्टिकल परीक्षेत याचं एक स्टेशन ठेवा, दोन खुर्च्या, नातेवाईकाचा रोल करणारा एक माणूस, पाच मिनिटं. जे परीक्षेत येतं ते पोरं शिकतात, या सत्यावर माझी श्रद्धा आहे. आणि सर्व्हे करायचाच असेल तर हे विचारा, मागच्या महिन्यात तुझ्या ड्युटीत किती मृत्यू झाले, त्यातले किती आय बँकेला कळवले, नंबर फोनमध्ये सेव्ह आहे का, दाखव.

काही जण म्हणतील हा सगळा सिस्टीमचा प्रश्न आहे, पोरांच्या माथी कशाला मारता. अर्धं खरं आहे. अमेरिकेत १९९८ पासून सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांना प्रत्येक मृत्यू कळवणं बंधनकारक आहे, तिथे डॉक्टरच्या मूडवर काही अवलंबून ठेवलेलं नाही, आणि कॉर्नियाच्या बाबतीत तो देश स्वतःची गरज भागवून बाहेरही पाठवतो, यामागे असे नियम आहेतच. भारतात २०११ च्या कायदा दुरुस्तीने प्रशिक्षित टेक्निशियनला कॉर्निया काढायची परवानगी दिली, डॉक्टरची वाट बघत बसायची गरज उरली नाही, तेही सिस्टीमचंच काम. पण नियम कागदावर असून फोन न करणारा वॉर्ड कुठेही सापडेल. शेवटी कोणाच्या तरी हातात तो फोन असतो आणि रात्रीचा तो हात बहुतेक वेळा नुकताच पास झालेल्या पोराचा असतो.

आणि विद्यार्थी काही करू शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांना श्रीलंकेचं बघायला सांगा. हडसन सिल्वा मेडिकलचे विद्यार्थी होते तेव्हा, १९५८ मध्ये, त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून लोकांना डोळे द्यायचं आवाहन केलं. आई गेल्यावर तिचे डोळे दिले. १९६१ ला संस्था उभी केली, १९६४ ला सिंगापूरला कॉर्निया पाठवले, आणि पुढे त्या छोट्याशा देशातून पन्नासच्या वर देशांत कॉर्निया गेले. त्यांनी नुसता स्वतःचा फॉर्म भरून फायलीत ठेवला असता तर यातलं काही झालं नसतं. ते विचारत सुटले.

टेक्नॉलॉजी येतेय, मग हे सगळं दहा वर्षांत जुनं होईल असंही ऐकतो. क्योटोमध्ये किनोशिता यांच्या टीमने एंडोथेलियमच्या पेशी लॅबमध्ये वाढवून इंजेक्शनने डोळ्यात सोडल्या, २०१८ मध्ये त्याचे रिझल्ट आले, २०२३ ला जपानमध्ये मान्यताही मिळाली. भारी आहे. पण त्या पेशीही मुळात कोणीतरी दिलेल्या कॉर्नियातूनच घेतलेल्या असतात, फक्त एकाच्या कॉर्नियातून बऱ्याच जणांचं काम होतं. शिवाय हे आतल्या थराच्या आजारांसाठी, जखमेने किंवा इन्फेक्शनने पांढऱ्या पडलेल्या कॉर्नियाला त्याचा उपयोग नाही. तेव्हा फोन नंबर इतक्यात डिलीट करू नका.

मग हे शिकवायचं कोणी, यावर गाडी कायम अडते. नेत्रविभागाच्या पोस्टिंगमध्ये हा टॉपिक असतो, पण आमच्या वॉर्डात कोणी मरत नाही. मेडिसिन, सर्जरी, कॅज्युअल्टी, आयसीयू इथे मृत्यू होतात, पण त्यांना वाटतं हा डोळेवाल्यांचा विषय. माझ्या मते सगळ्यात सोयीची जागा फॉरेन्सिकची, म्हणजे पोस्टमॉर्टेम करणाऱ्या विभागाची, आहे आणि तिकडे फार कोणाचं लक्ष जात नाही. पोस्टमॉर्टेमला येणाऱ्यांत अपघाताच्या केसेस बऱ्याच, वय कमी, एंडोथेलियमच्या पेशी भरपूर, म्हणजे कॉर्नियाच्या दृष्टीने उत्तम. यावर फॉरेन्सिकवाल्यांचं म्हणणं असतं की मृत्यूची वेळ काढायला आम्हाला डोळ्याच्या आतल्या व्हिट्रिअस नावाच्या जेलीतलं पोटॅशियम बघावं लागतं, डोळे नेले तर आम्ही काय करायचं. रास्त मुद्दा आहे. पण नुसता कॉर्निया काढला तर व्हिट्रिअस मागे राहतो, आणि सँपल हवंच असेल तर दोघांनी मिळून आधी कोणी आणि मग कोणी हे ठरवता येतं, तपास अधिकाऱ्याची परवानगी आणि घरच्यांची संमती घेऊन. पोरं त्या पोस्टिंगला तशीही तिथे उभी असतात. आय बँकेचा टेक्निशियन त्याच वेळी तिथे आला तर वेगळं लेक्चर नको, वेगळा हॉल नको, डोळ्यांच्या आणि फॉरेन्सिकच्या एचओडींनी एकदा बसून वेळापत्रक जुळवलं की झालं.